राणीच्या तलवारीचा सांधा

"लांबून बघा हो, जवळून तर माणूसही खोटाच दिसतो," असं नाटकमंडळीचं सामान बनवणारे मुलामाकाका म्हणायचे. रंगमंचाखालच्या त्यांच्या खोलीत शिरून कुणी एखादा मुकुट नखानं टोकरू लागलं, की हे वाक्य ठरलेलं. खोली ठेंगणी. सरसाचा वास, डब्यात ताठलेले ब्रश, भिंतीला टेकलेले भाले. लाकूड, पुठ्ठा आणि चिंध्या एवढाच माल, पण काकांच्या हातून तो लोखंड होऊन बाहेर पडायचा.

काकांना बायकापोरं नव्हती. आपलं म्हणावं असं माणूस म्हणजे थोरली बहीण, ताई. त्याच नाटकमंडळीत ती राणीचं काम करायची. आवाज अजून खणखणीत होता, गुडघे मात्र कुरकुरू लागले होते. मॅनेजरनं तिला आडून सांगितलं होतं, "उद्याचा प्रयोग बघू, मग ठरवू." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. धाकटी नटी संवाद पाठ करून तयारच बसली होती.

त्या दिवशीची तालीम झाल्यावर काका राणीची तलवार पुसत होते, तेव्हा त्यांना मुठीच्या वर चार बोटांवर चीर दिसली. नवी करायला वेळ नव्हता. त्यांनी चिरेत सरस भरला, दोरीनं आवळून ठेवली, वाळल्यावर वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पॉलिशपेपरनं घासली. मग काळ्या रंगाचा हात दिला. काळ्यावर नुसता रुपेरी रंग फासला तर पत्र्याचा डबा दिसतो, लोखंड दिसत नाही. म्हणून शिसपेन्सिलीची पूड फडक्यावर घेऊन ते पातं चोळत बसले, तान्ह्या पोराचं अंग चोळावं तसं. कोरड्या ब्रशानं कडांवर रुपेरी चमक फिरवली. मुठीच्या बेचक्यात थोडा तपकिरी गंज सोडला. सांधा स्वतः त्यांनाही सापडेना.

मंडळीत एक रीत होती. सांधलेल्या वस्तूला सांध्यापाशी लाल दोरा बांधायचा. विंगेच्या अंधारात नटाच्या बोटांना दोरा लागला, की त्यानं समजायचं, हिच्यावर भार टाकायचा नाही. काकांनी दोरा बांधला आणि मागं सरून पाहिलं. एवढं सुरेख लोखंड आणि त्याच्या गळ्यात दोरा! ताईच्या एवढ्या मोठ्या दिवशी तलवार आजारी दिसत होती. त्यांनी दोरा सोडला. तोंडी सांगू, असं ठरवलं.

विंगेत ताईनं तलवार हातात घेतली.

"अगं बाई! खरी आहे की काय रे ही?"

"खरीच. कमरेला लावून बाजारात जा, भाजीवाला न भांडता भाव उतरवेल."

"बाळ्या, आयुष्यात एक काम धड केलंस बघ."

ताईनं लहानपणापासून त्यांची नुसती टिंगलच केली होती. काकांची छाती फुगली. आतून चिरलेली आहे, असं सांगायला त्यांची जीभ रेटेना. आता सांगू, मग सांगू करत पडदा वर गेला.

शेवटच्या अंकात हरलेली राणी गुडघ्यांवरून उठून उभी राहते. तलवारीला दोरा असला की ताई सिंहासनाला धरून उठायची. त्या दिवशी बोटांना दोरा लागला नाही. तिनं पातं जमिनीला टेकवलं आणि सगळा भार त्यावर टाकला. कडकन आवाज झाला. राणी तोंडावर पडली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं थिएटर हसलं. ताईनं पडल्या पडल्या उरलेले संवाद म्हटले. एक अक्षर गाळलं नाही, पण ऐकलं कुणीच नाही.

तुकडे काकांनीच गोळा केले, त्यामुळे आतला सरस कुणाच्या नजरेस पडला नाही. पुढच्या प्रयोगाला राणी धाकटी होती.

ताईनं कुणाला बोल लावला नाही. तिचा स्वतःवरच राग होता. "धड तलवार मोडली माझ्या वजनानं. वय झालं, दुसरं काय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. काका दर रविवारी तिच्याकडे जायचे. कधी गळका नळ बघायचे, कधी खुर्चीचा पाय. बोलायचं ते गिळून परत यायचे. असा बराच काळ गेला. धाकटीचं राणी म्हणून नाव झालं.

एका रविवारी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मध्येच म्हणाली, "तुझं एवढं छान काम मोडलं रे मी. माफ कर हं मला."

काकांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

"ताई, तिला सांधा होता."

"आणि दोरा?"

"मी सोडला. वाईट दिसत होता."

ताईनं हातातली घडी उलगडली, पुन्हा घातली.

"दुसऱ्या दिवशी बोलला असतास, तर मॅनेजरनं ऐकलं असतं माझं."

"हो."

"मग?"

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला. ताई म्हणाली, "चप्पल घाल आणि जा आता."

ते जिना उतरले. ताई गॅलरीत येऊन उभी राहिली. मागून तिचे यजमान, काकांचे भाऊजी, पेपर हातात घेऊन आले.

"काय झालं? हाक मारू का त्याला?"

"नको."

काका मान खाली घालून चालत राहिले. कोपऱ्यावर ते वळले, तरी ताई आत गेली नाही. भाऊजी आधी रस्त्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले.