डाव्या अंगाचे मागचे चाक

रिसोड नाक्यावरच्या गंगाराम मिस्त्रीच्या छपरात दोन गोष्टी साचत: झिजलेले टायर आणि किस्से. टायर कुणी ना कुणी चपला करायला नेई. किस्से कुणी नेत नसे, म्हणून ते माझ्यापाशी उरले! त्या दिवसांत मी वाशीमच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे आणि शाळा सुटली की त्या छपरातल्या लाकडी पेटीवर जाऊन बसे. लोकांना याचे नवल वाटे. मला वाटत नसे. नेमके बोलणारी माणसे जिथे भेटली, तिथे मी बसलो.

आजचे सगळे किस्से एका मोटारीचे, किंबहुना तिच्या एका चाकाचे आहेत.

मोटार वकीलसाहेबांची. तिचा ड्रायव्हर तुळशीराम लढाईच्या काळात लष्करी लॉऱ्या चालवून आलेला, मोजके बोलणारा. दसऱ्याला तो चार दिवस आपल्या गावी, धनजला, गेला होता. त्या चार दिवसांत वकीलसाहेबांनी मोटार स्वतः चालवली, याचे त्यांनाच फार कौतुक होते! पुढे दिवाळीपासून होळीपर्यंत मागच्या डाव्या चाकाचे दोन टायर संपले. संपले म्हणजे विचित्रच संपले. बाहेरची कड नवी कोरी. आतली कड मात्र कापड दिसण्याइतकी गुळगुळीत. उजवीकडचा टायर ठणठणीत!

वकीलसाहेबांनी निकाल दिला, "वळणावर तू गाडी हाणतोस. तिसरा टायर खाल्लास की कायमचा घरी!"

तुळशीराम म्हणाला, "साहेब, जातानी जे वळन डावं, तेच येतानी उजवं होते. मंग उजव्या चाकानं काय नवस केला हाय का?"

* * *

माझे अक्षर बरे म्हणून एकदा वकीलसाहेबांनी मलाच बोलावले. तुळशीरामच्या सहीसाठी कबुली लिहायची होती. ते सांगू लागले, "माझ्या हयगयीमुळे टायर झिजला..."

मी टाक खाली ठेवला. "टायर झिजला, हे मी पाहिले आहे. हयगय मी पाहिलेली नाही. पाहिले तेवढेच लिहीन."

"गुरुजी, एका शब्दाने काय बिघडते?"

"माणसाची नोकरी जाते."

शेवटी कागदावर एकच वाक्य राहिले: 'टायर झिजला आहे.' तुळशीरामने ते दोनदा वाचून घेतले आणि म्हणाला, "याच्याखाली मी सही करतो. पन मंग साहेबायनं बी करा. त्यायलेबी दिसूनच राह्यला ना!"

कुणीच सही केली नाही.

* * *

मग मोटार अकोल्याच्या एका मोठ्या गॅरेजात गेली. वकीलसाहेब तिथून 'अलाइनमेंट' हा शब्द घेऊन परतले. चारही चाके एका रेषेत असणे, असा त्याचा अर्थ. मी लगेच प्रतिशब्द शोधू लागलो. 'समरेखन' बरा वाटला.

गंगाराम म्हणाला, "गुरजी, बारसं मंग करू. आदी लेकरू तं पाहू द्या!"

गंगारामचा बाप बैलगाडीची चाके घडवणारा सुतार. बापाची नजर याच्याकडे आली होती. त्याने विचारले, "त्यायनं मांगची चाकं मोजली काय?"

"पुढची मोजली. मागच्या चाकांना मोजायचे काय असते? ती कारखान्यातूनच सरळ बसवून येतात."

गंगाराम म्हणाला, "वकीलसाहेब, मानूस बी आईच्या पोटातून सरळच येते. नंतरची तं कोर्टात तुमीच रोज पाहून राह्यले!"

* * *

त्या गॅरेजवाल्याने एक कारणही शोधून दिले होते. मागे डाव्या बाजूला नेहमी कोण बसते? भार कुणाचा पडतो?

तिथे नेहमी वकीलसाहेबांच्या मातुःश्री बसत. सगळे त्यांना माई म्हणत. देह असा की वाऱ्याच्या दिवशी लुगडे तेवढे दिसावे! वकीलसाहेबांनी भीत भीत सुचवले, "माई, उद्यापासून उजवीकडे बसत जा. टायरवर भार येतो म्हणतात."

माई म्हणाल्या, "माह्या भारानं तुहा टायर खपते? बापू, मंग मी देवळात डाव्या अंगानं बसते, तं देऊळ अजून कलंडलं काहून नाई?"

जागा त्यांनी बदलली नाही.

* * *

आता थोडे कोर्टाविषयी. चोरीच्या बैलांचा एक खटला होता. जऊळक्याचा झिंगाजी जागल्या त्यात साक्षीदार होता. रात्रंदिवस गाव राखणारा, फुफाट्यातल्या खुरांवरून जनावर ओळखणारा म्हातारा. विरुद्ध बाजूच्या वकिलाने त्याला हिणवले, "शाळेत गेला होतास का?"

"नाई गेलो. पन तुमी आज कोर्टात येतानी शेणात पाय देल्ला, तो डावा होता, एवढं वाचता येते!"

आमच्या वकीलसाहेबांनी तो खटला जिंकला. शेवटच्या भाषणात ते गर्जले होते, "कागद खोटे बोलतील, माणसे खोटे बोलतील, झिंगाजीची नजर खोटे बोलणार नाही!" मी त्या दिवशी मागच्या बाकावर होतो. वाक्य चांगले बांधलेले होते, म्हणून लक्षात राहिले.

* * *

आणि आता तो दिवस. तिसऱ्या टायरची आतली कड झिजू लागली होती. वकीलसाहेब माईंना घेऊन जऊळका स्टेशनाकडे निघाले होते. तुळशीरामने मोटार गंगारामच्या छपरासमोर उभी केली, खाली उतरला आणि किल्ली माझ्याशेजारी पेटीवर ठेवली.

"साहेब, आज चाक मोजा. खोट माही निंगाली तं मी इथूनच धनजले पायी जातो. पन मोजल्याबिगर किल्लीले हात लावनार नाई."

"गाडी चुकेल!"

"माही तं नोकरी चुकून राह्यली, साहेब."

गंगारामने पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी ताणली. उजव्या बाजूला ती मागच्या चाकाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कडांना टेकली. डाव्या बाजूला एकाच कडेला टेकली; दुसऱ्या कडेशी बोटभर फट!

वकीलसाहेब म्हणाले, "दोरी तुझी, डोळा तुझा, आणि निकालही तुझाच? हा पुरावा नव्हे."

तेवढ्यात कोर्टात दुसऱ्या एका तारखेला आलेला झिंगाजी रस्त्याने चालला होता. तुळशीरामने त्याला हाक मारली आणि मोटारीमागच्या फुफाट्याकडे बोट दाखवले. म्हातारा उकिडवा बसला. मोटार कुणाची, भांडण कशाचे, काहीच विचारले नाही.

"तीन चाकं चालत आली," तो म्हणाला. "हे चौथं फरफटत आलं. याची नक्षी पुसलेली हाय, पहा. लंगडं हाय बिचारं."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "कागद खोटे बोलतील, माणसे खोटे बोलतील..."

पुढचे वाक्य त्यांना पाठ होते.

गंगाराम मोटारीखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "चाकाचा आस वाकला हाय! डाव्या अंगानं दगडाचा मार बसला. चांगला जुना हाय, वरतून गंज चढला."

वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे दगडावर घातलीच ना याने? बोल तुळशीराम, कुठे घातलीस? कधी घातलीस?"

तुळशीराम ताठ उभा होता. "मी नाई घातली, साहेब."

"मग कोणी घातली? साक्षीदार आहे कुणी?"

मोटारीची मागची डावी काच हळूहळू खाली आली.

"दसऱ्याच्या दिशी," माई म्हणाल्या. "जऊळक्याच्या फाटकापाशी. तुळशीराम धनजले गेला होता."

वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले, "माई, तू आजवर बोलली नाहीस?"

"मले कोनं इचारलं? माहं वजन तेवढं इचारलं!"

मग त्या सरकून उजवीकडे बसल्या, आणि त्यांनी डावीकडचे दार उघडले.

"तुळशीराम, किल्ली घे. अन् बापू, तू मांगं ये. डाव्या अंगानं बस."