आठवी आलेली घोडी

शर्यतीच्या पुस्तकात त्या घोडीपुढं छापलंय : आठवी, वळणावर मागे पडली. छापलेलं खोटं नाही. कामून मागे पडली, तेवढंच त्यात नाही.

शेजारच्या घोड्यानं तिला कठड्यावर दाबलं होतं. तिच्या जॉकीनंच खोगीर काढताना मला सांगितलं.

"मग शर्यतीच्या साहेबांना सांगा की," मी म्हणालो.

"उद्या त्याच जॉकीच्या बाजूला पळायचंय मला. तू सांगतोस?"

मी कोण सांगणारा? शाळा अर्धी सोडून राजेश्वर गावाहून एवढ्या लांब आलेला, खरारा करणारा माणूस. नोकरी जायच्या भीतीनं गप्प बसलो.

तिच्या मागच्या पायाला, खुराच्या वर, चीर पडली होती. आमच्या तबेल्यातले अण्णा मादन हिप्परगा गावचे, मेंढपाळाच्या घरातले. त्यांनीच मला या कामाला लावलं. त्यांचे उपकार मोठे. त्यांनी तेलात हळद कालवून जखमेत भरली.

"अण्णा, डॉक्टरला दाखवू या का?"

"येडा हैस का? उघडी जखम परक्याला दाखवतेत व्हय? दिष्ट लागून चिघळती. मेंढरांत वाढलास का कोंबड्यांत?"

सकाळी डॉक्टर आले तेव्हा अण्णा तिच्या त्या पायापुढं आडवे उभे राहिले. "सगळं बेस हाय, साहेब."

पुढच्या महिन्यात मालकानं पुस्तक वाचलं आणि निरोप धाडला, घोडीत दम नाही, काढून टाका. वरातीला घोड्या पुरवणारा एक जण तिला न्यायला तयारच होता.

मी धीर करून तिला शिकवणाऱ्या साहेबांकडं गेलो. "साहेब, तिला दाबलं होतं. पाय चिरला होता."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी पुस्तक पाहिलं, डॉक्टरांच्या नोंदी पाहिल्या. "कुठंच नाही रे. जॉकीही काही बोलला नाही. बरं, पाय दाखव."

मी पाय उचलला. वर केस उगवले होते. बोट फिरवलं तर व्रणसुद्धा लागेना.

"बघ, म्हणलं नव्हतं? जरा बी चिघळली न्हाई," मागून अण्णा म्हणाले. त्यांना केवढा आनंद झाला होता. त्यांच्यावर राग तरी कसा धरायचा?

टेम्पो आला. घोडी काही केल्या चढेना.

"तू पुढं हो," अण्णा म्हणाले. "तुझ्यामागं येती ती."

मी पुढं झालो. ती आली.