फवाऱ्याने पडणारा माणूस

पडद्यावरचा कातकरी चारी मुंड्या चीत पडला आणि भरे गावची शाळा हशाने दणाणली. खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही भर दुपारी कार्टून फिल्म दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी हिवतापाविरुद्ध डीडीटी फवारायला माणसं येणार होती. आमच्या साहेबांनी हसत हसत सबनीसच्या पाठीवर थाप मारली. माझा तिळपापड झाला.

सबनीस आणि मी चित्रकलेची परीक्षा एकाच वर्षी पास झालो. नंबर माझा वरचा. तरी सरकारी फिल्म युनिटमध्ये तो अ‍ॅनिमेटर, मी इनबिटवीनर. म्हणजे माणूस उडी मारतो त्याचं पहिलं आणि शेवटचं चित्र तो काढणार, मधली वीसेक मी. पडद्यावर नाव त्याचं.

कातकरी त्याने काढला तो परदेशी कार्टूनमधल्या रानटी माणसांवरून. कोळशासारखं अंग, जाड ओठ, गरगरणारे डोळे. खरा कातकरी आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलाच नव्हता. सबनीसच्या चित्रांत फवारा झोपडीवर जायचा, एवढंच. तो त्या माणसाच्या तोंडावर बसतो आणि माणूस डासासारखा पाय वर करून पडतो, ही भर माझी. ओठही मी आणखी जाड केले. मला सबनीसपेक्षा जास्त हसवायचं होतं.

आणि शाबासकी मात्र त्याला! मला राहवलं नाही.

"साहेब, ते पडणं माझं आहे."

"खरंय साहेब, मला सुचलं नसतं," सबनीस म्हणाला. त्याचा हा मोठेपणाही मला सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाले कातकरी वाडीवरून हात हलवत परत आले. सगळी दारं आतून बंद. साहेब आम्हा दोघांना आणि फवारणीवाल्यांना घेऊन तिकडे गेले. एक म्हातारा बाहेर आला. आदल्या दिवशी तो शाळेच्या दारापाशी बसलेला मी पाहिला होता.

"बाबा, औषध डासांसाठी आहे," साहेब म्हणाले.

"पिच्चरात आमचा मानूस मेला की."

"मेला नाही हो. गंमत होती ती."

"माझ्या नातीला ताप हाय. तिला काय झालं तर? गावातली हसतील. काल हसलीच न्हाई का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पडणं तुझं ना? मग तूच समजाव."

मी पुढे झालो तेवढ्यात म्हाताराच म्हणाला, "आदी ह्यांच्या अंगावर मारा. बगू."

मी डोळे मिटून उभा राहिलो. सदरा पांढरा झाला, नाकात उग्र वास गेला. म्हातारा बराच वेळ मला न्याहाळत होता. कोणी हसलं नाही.

"उबा हाय," तो आत तोंड करून म्हणाला, आणि दार उघडलं.

पुढे तो पडण्याचा प्रसंग फिल्ममधून कापला. सबनीसने म्हाताऱ्याला समोर बसवून कातकरी नव्याने काढला. असा जिवंत माणूस मला आजवर काढता आलेला नाही. ते चित्र आठवलं की मी आजही जळतो.

हशा आपला म्हणून सांगण्याआधी तो कोणाच्या जिवावर आला ते बघावं. मी मात्र आधी सांगून मोकळा झालो होतो.