दोन खिळ्यांमधली वीत

आमच्या नातीनं टेप लावला नाही अशी वस्तू आता कुरुंद्यात शिल्लक राहिलेली नाही, आणि माणूसही नाही. मारुतीचा पार, म्हशींची शिंगं, गिरणीपुढं बायका दळणाचे डबे घेऊन ज्या दगडावर बसतात तो दगड, त्या दगडावर बसलेल्या बायका आणि त्यांना उठून उभं राहायला जागा किती लागते, हे सगळं तिच्या वहीत इंचात लिहिलेलं आहे. ही माझ्या थोरल्या लेकाची एकुलती पोरगी. लेक हिंगोलीला एका हापिसात कारकून आहे आणि पोरगी नांदेडला आर्किटेक्टचं शिकते, म्हणजे इमारती कशा असाव्यात ते कागदावर ठरवायचं. पहिलंच वर्ष. सुट्टी लागली की एक जेवण बापाकडं करते आणि टेप घेऊन माझ्याकडं येते.

मी कोण तेही सांगून टाकतो. मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, त्यातही तिसरीत दोनदा बसलो. पण या गावातली निम्मी घरं माझ्या हातची आहेत आणि एकाचीही भिंत फुगलेली नाही. मी जन्मात टेप धरला नाही. माझा हात तो हात आणि माझी वीत ती वीत. दाराची उंची माझ्या फेट्याएवढी, मग घर कोणाचंही असो. त्यामुळं गावातली उंच माणसं आपापल्या दारात कपाळ आपटून घेतात आणि माझं नाव काढतात. मी त्यांना सांगतो, घरात शिरताना माणसानं वाकावं. मी मात्र कधी कोणापुढं वाकलो नाही. माझी दारं मला बराबर बसतात.

तर अशा माणसाच्या घरी ही टेपवाली निपजली. पहिले दोन महिने तिला कॉलेजात नुसत्या रेघा मारायला लावल्या होत्या. उभ्या, आडव्या, तिरप्या, जाड, बारीक. घरी आली तरी रेघाच. मी म्हटलं, "माय, घर कवा काढनार?" तर म्हणते, "आधी रेघ तर सरळ येऊ द्या, आबा." मग मी माझा जुना ओळंबा काढला, दोरीला बांधलेला लोखंडी गोळा, आणि तिच्यापुढं धरला. म्हटलं, ही बघ सरळ रेघ, हिला पेन्सिल लागत नाही. पोरीनं तो ओळंबा खरंच नांदेडला नेला आणि आपल्या टेबलावर टांगला. तिथल्या पोरांनी म्हणे रांग लावून तो पाहिला. दुकानातले ओळंबे त्यांना माहीत होते, चाळीस वर्षं घासलेला कोणी पाहिला नव्हता.

पुढं त्यांना काम दिलं की कागद नुसता दुमडायचा, डिंक लावायचा नाही, आणि तो असा उभा करायचा की वर वीट ठेवली तरी बसू नये. ही दिवाळीच्या सुट्टीत आली ती गावातल्या घराघरांतून जुन्या लग्नपत्रिका गोळा करत. ओसरीत बसून पत्रिका दुमडायची आणि माझ्याकडून वीट ठेवून घ्यायची. अकरा लग्नं माझ्यासमोर चपटी झाली. बारावी पत्रिका तिनं पंख्याच्या घडीसारखी दुमडली, वर वीट ठेवली आणि ती राहिली. संध्याकाळी विटेवर आमची कोंबडी चढून बसली, तरी राहिली. मी येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून आत नेऊन ते दाखवलं. पोरीला मात्र म्हणालो, "वीट हलकी होती."

मग माणसं मोजायचं काम आलं. माणूस बसतो कसा, हात कुठवर पोचतो, गुडघा किती वर येतो, ते बघून लिहायचं. शेजारच्यांच्या लग्नात पंगत बसली, तर ही ताट सोडून उठली आणि दोन पानांत अंतर किती पडतं ते टेपानं मोजत रांगेनं निघाली. वाढपी जिलबीचं ताट घेऊन तिच्या मागं तटला. समोरची काकू म्हणाली, "अगं माय, कफन शिवून राहिली का काय माझं?"

"न्हाई काकू, तुमचा गुडघा शेजारणीला लागून राहिला. दोघींना नऊ-नऊ इंच कमी पडून राहिलेत."

"तिला सांग मंग सरकायला. मी काहून सरकू?" काकू म्हणाली, आणि त्या दोघींचं जुनं भांडण पंगतीतच नव्यानं उभं राहिलं.

एवढ्यावर चाललं असतं तर सगळं हसण्यावारीच गेलं असतं. पण त्यानंतर तिला पहिल्यांदा खरोखरीचं काहीतरी रचायला सांगितलं, एका माणसानं निवांत बसायची जागा. पोरीनं गोल खोली केली, वर छताला भोक, भोवती पाणी. पुठ्ठ्याचं ते मॉडेल मी पाहिलं, मिठाईच्या दुकानात ठेवावं असं देखणं होतं. तिच्या सरांनी ते चहूबाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "यात बसणार कोण?" ही म्हणाली, "कुणीपण." सर म्हणाले, "कुणीपण म्हणजे कुणीच नाही." आणि तिला नापास केलं.

माझा लेक रागानं ओरडणारा नाही, तो हापिसातल्या कागदासारखा बोलतो. माझ्यासमोर तिला म्हणाला, "वर्षाचं शेवटचं एक काम राहिलंय. ते बी असंच गेलं तर नाव काढून घेतो. हिंगोलीतच बीए कर." मग मला म्हणाला, "बा, तुमी मधी पडू नका." मी पडलो नाही. पोरगी बापापुढं रडली नाही. माझ्या पायरीवर येऊन बसली आणि नुसती टेप ओढायची, सोडायची. कर्र, कर्र. दिवसभर तेवढाच आवाज.

शेवटचं काम होतं, बाहेरून घरात येण्याची जागा. खरं घर घ्यायचं, खरं माणूस घ्यायचं, आणि त्या माणसासाठी ती जागा नव्यानं रचायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आबा, तुमचं दार घेते."

"घे की. सुधरायला काय न्हाई त्यात, तरी बी घे."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आमच्या गल्लीत सगळ्यांत उंच जोतं माझं. माझ्या हातानं घडवलेल्या तीन दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरी एक वीत चार बोटं उंच. रस्त्यावरून पाहिलं की घर कसं छाती काढून उभं दिसतं. ती तीन दिवस दारात बसली. मोजत नव्हती, नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी हाक आली.

"आबा, हे लाकूड इथंच गुळगुळीत काहून?"

चौकटीच्या डाव्या उभ्या लाकडावर तिनं बोट ठेवलं होतं. मी म्हटलं, "सागवान हाय. सागवान गुळगुळीतच असतंय."

"मग उजवीकडं न्हाई. वर न्हाई, खाली न्हाई. इथंच, तळहाताएवढं."

तिनं मला पायरीवर उभं केलं आणि आधार घ्या म्हणाली. माझा हात त्या जागेच्या चांगला वर पडला. तिनं टेप मिटला आणि विचारलं, "आजीची उंची किती होती?"

"होती तेवढी होती," मी म्हणालो. खरं म्हणजे मला सांगता येईना. आमच्या मंडळीला जाऊन सहा वर्षं झाली. फोटो आहे तो बसलेला. मी गावातली दारं मोजली, खिडक्या मोजल्या, बायकोला कधी मोजली नव्हती.

पोरगी आत गेली आणि भिंतीवरच्या खिळ्यांपाशी थांबली. आमच्या आरशाला दोन खिळे आहेत. खालचा मंडळीचा. संसाराच्या सुरुवातीला तिनं तो मारून घेतला, कुंकू लावायला तोंड बराबर दिसावं म्हणून. मला त्यात तोंड बघायचं तर वाकावं लागायचं. स्वतःच्या घरात बायकोच्या आरशापुढं मी वाकणार नाही म्हणालो आणि वर दुसरा खिळा ठोकला. दाढी करताना आरसा वर जायचा, मग ती पुन्हा तो खाली आणायची. आयुष्यभर तो आरसा असा चढत-उतरत राहिला आणि आम्ही दोघंही त्यावरून भांडत राहिलो, मजेत. पोरीनं दोन खिळ्यांमधलं अंतर मोजलं आणि मला म्हणाली, "वीत लावा." मी लावली. एक वीत दोन बोटं.

मग तिनं काय करावं? भरलेली घागर उजव्या कमरेवर घेतली, गुडघे वाकवून आजीएवढी बुटकी झाली आणि माझ्या पायऱ्या चढायला लागली. पहिली चढली. दुसरी चढली. तिसरीवरून वर पाय टाकताना पाणी हिंदळलं, तोल गेला आणि डावा हात आपोआप त्या गुळगुळीत जागेवर जाऊन बसला. अगदी तिथंच. ती तशीच थांबली.

"आबा, पायरी तुमच्या वितीची हाय. आजीच्या न्हाई."

"जन्मभर चढली ती. एक दिवस तकलीफ सांगितली न्हाई."

"सांगून काय उपेग होता? तुमी आरशापुढं वाकला न्हाईत."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. भाकर खाल्ली, पण पाठ करून.

तरी तिनं ओसरीत बसून केलेलं मॉडेल न्यायला दुसरा माणूस हवाच होता, म्हणून तिच्यासोबत मी नांदेडला गेलो. खोकं माझ्या मांडीवर. एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाबा, खोक्यात कोंबडी हाय का?"

"घर हाय."

"मग घराचं तिकीट?"

"मालकाचं फाडलं की झालं," मी म्हणालो. पोरगी खिडकीकडं तोंड करून हसली, आणि दोन दिवसांचा अबोला तिथं संपला, म्हणजे तिच्या बाजूनं.

कॉलेजात सर आणि आणखी दोघं बसले होते. मी दारात उभा राहिलो, आत कोणी बोलावलं नव्हतं. तिच्या मॉडेलात माझ्या तीन पायऱ्यांच्या जागी पाच होत्या, बुटक्या, रुंद. दारापाशी कमरेएवढा कट्टा, घागर टेकवायला. आणि चौकट तिनं खऱ्या लाकडाची कोरली होती, काडेपेटीएवढी. तिच्या डाव्या अंगाला एका ठिकाणी तेल लावून लावून चमक आणली होती.

सरांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या बांधकामाला नावं ठेवणं सोपं असतं. ज्यानं बांधलं त्याला विचारलंस का, पायऱ्या एवढ्या उंच का केल्या?"

पोरीनं खाली पाहिलं. तिला उत्तर येत होतं, ते मला दिसत होतं. आजोबा हट्टी आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "ठाऊक आहे सर. पण ते मी सांगणार नाही."

मी आयुष्यात भरपूर ठिकाणी बोललो आहे, पण न विचारता बोललो ती तेवढीच एक वेळ. म्हणालो, "मी बांधलं साहेब. लेकरू खरं बोलून राहिलं. घर नवं होतं तवा मंडळी मला म्हणली होती, मधी एक-दोन पायऱ्या घाला की. मी म्हणलो, जोत्याची शोभा जाते. ती परत बोलली न्हाई. मला वाटलं, तिला पटलं."

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नातीलाही नाही.  सरांनी बोटाच्या टोकानं ती काडेपेटीएवढी चौकट चाचपली, जिथं चमक होती तिथं. म्हणाले, "इथून आत कोण येतं ते कळलं मला." पुढं ते पोरीशी बराच वेळ इंग्रजीत बोलले. ते मला समजलं नाही, पण रागाचं नव्हतं.

ती पास झाली. लेकाचा फोन आला, म्हणाला, "बा, पुढच्या वर्षाचा फॉर्म भरला." एवढंच. त्याच्या भाषेत याला आनंद म्हणतात.

उन्हाळ्यात मी माझ्या पायऱ्या माझ्याच हातानं मोडल्या आणि पाच केल्या. ती दोरी धरायची, मी दगड बसवायचो, आणि दिवसभर आमचं भांडण. ती टेपानं मोजायची, मी वितीनं तपासायचो, आणि दोन्ही जुळायचं नाही. शेवटी तिनं माझा पंजा टेपावर पसरवला आणि मोडून काढलेल्या जुन्या पायरीच्या दगडाशी ताडून दाखवलं की माझी वीत आता अर्धा इंच आखडली आहे. मी म्हटलं, टेप लांबला असेल. तिनं माझा पंजा थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. ओसरीत रेघा नाहीत, पत्रिका नाहीत, तो कर्र कर्र आवाजही नाही. आरसा खालच्या खिळ्यावर आहे. गुडघे गेलेत माझे, पण या पाच पायऱ्या मी कशाचा आधार न घेता चढतो, एवढ्या त्या सोप्या झाल्यात. तरी वर पोचल्यावर डावा हात चौकटीकडं नेतो आणि ती गुळगुळीत जागा धरतो. माझ्या उंचीला ती जरा खाली पडते. वाकावं लागतं.

वाकतो.