नायलॉनमधली माती आणि सुजाता

सुजाता गेल्याचं तिच्या नवऱ्यानं, मिलिंदनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी चाकणच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकले होते. "अनघाताई, गेली हो..." एवढंच तो म्हणाला. रडू यायच्या आधी माझ्या मनात जे आलं, ते लिहायला आजही लाज वाटते. वाटलं, बरं झालं, आता तिला खरं कळणार नाही.

ताथवड्याच्या कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो, एकाच प्रयोगशाळेत. तिचे वडील पिंपरीच्या कारखान्यात कामगार, त्यामुळे घरी मशीनच्या गप्पा ऐकतच ती वाढली. तिचा विषय ऐकून लोक हसायचे. प्लास्टिकमध्ये म्हणे माती मिसळायची! पण या मातीचे पापुद्रे डोळ्यांना न दिसण्याइतके पातळ. ते सुटे होऊन नीट पसरले, तर चिमूटभर मातीनं नायलॉन ताठ होतं, जास्त उष्णता सोसतं. गुठळी राहिली, की तिथूनच तडा जातो. "अरे, पिठल्यासारखंच आहे," ती मुलांना सांगायची, "घाई केलीत की गुठळ्या झाल्याच."

चाकणच्या एका छोट्या कंपनीला मोटरसायकलच्या इंजिनजवळच्या झाकणासाठी असं नायलॉन हवं होतं. सुजाता त्यात बुडालेली असतानाच आजार निघाला आणि काम माझ्याकडे आलं. दवाखान्यात गेले की ती तब्येतीचं बोलूच द्यायची नाही. "ते राहू दे. झाकणाचं काय झालं?"

शेवटच्या भेटीआधी आमची झाकणं आघाताच्या चाचणीत फुटली होती. तिचा हात हातात घेतला, तर त्याला वजनच नव्हतं...

"पास झाली," मी म्हणाले.

"सगळी?"

"सगळी."

ती हसेल असं वाटलं होतं. "मग आता माझं काही काम उरलं नाही," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दमली असेल, असं समजून मी निघाले.

खरं तर फुटलेल्या तुकड्याला ती कधीच घाबरली नाही. तो हाती दिला असता, तर उशीला टेकून बसली असती, मला चांगलं झापलं असतं. वाचली नसती, हे मलाही कळतं. पण तिच्याजवळ उरलेली एकच गोष्ट मी माझ्या हातानं काढून घेतली.

जलदान विधीला आकुर्डीला त्यांच्या घरी गेले, तेव्हा मिलिंदला सगळं सांगितलं. "तिला सांगायला हवं होतं, ताई," तो म्हणाला. मग उठून माझ्यासाठी चहा आणायला गेला.

त्यानंतर मी पुन्हा मशीनला लागले. मिसळण्याचा वेग बदलून पाहिला, माती जरा उशिरा सोडली, बऱ्याचदा प्रयोग फसला. गेल्या आठवड्यात झाकणं खरोखरच पास झाली. कंपनीतून फोन आला, "मॅडम, अभिनंदन!" मी फोन ठेवला आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

सुजाताची एक सवय होती. चाचणीचा तुकडा टेबलाच्या कडेवर हलकेच वाजवायचा आणि कानाशी धरायचा. आता प्रयोगशाळेत सगळेच तसं करतात, तिला कधी न पाहिलेली मुलंसुद्धा. परवा एका नव्या विद्यार्थिनीनं तुकडा वाजवला, कानाशी धरला आणि मला विचारलं, "मॅडम, यात ऐकायचं काय असतं?"

इतकी वर्षं शेजारी बसून मी सुजाताला ते कधी विचारलंच नव्हतं.