माशाला नवी नजर येते

रथसप्तमीला औंधात आमच्या अंगणात गोवरीवर दूध उतू गेलं, तेव्हा आत्या माझ्या कानाशी लागली, "सूर्यनारायणाकडं टक लावून बघ गं, पापणी न हलवता. चष्मा सुटतो." चष्मेवाल्या पोरीला कोण पसंत करतंय, ही तिची जुनी काळजी. आणि मी, सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी दीडशहाणी, बघत राहिले! डोळ्यांतून धारा लागल्या तरी बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

संध्याकाळी आईकडं पाहिलं तर कपाळ दिसलं, हनुवटी दिसली, मधे नुसता काळपट डाग. नजर हलवली की डागही हलायचा. पण बोलायची सोय नव्हती. चष्म्यापायी आधीच स्थळं परत जात होती. त्यात हे कळलं असतं तर संपलंच. गुपचूप एसटीत बसले अन् सांगलीच्या होस्टेलवर आले.

रोज उठल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायची. बघावी तीच तारीख गायब. पुस्तकात ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच नाहीसं. लय भ्याले मी. घास गिळेना.

त्यातच एका तासाला सर माशांच्या डोळ्यांवर आले. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. माशाच्या त्या पेशी इजा होऊन मेल्या, तरी काही आठवड्यांत तिथं नव्या तयार होतात, अन् मासा पुन्हा बघू लागतो. अगं बाई, एवढ्याशा माशाला जमतंय तर! तास संपताच मी सरांना गाठलं.

"सर, आणि माणसाचं?" मी विचारलं.

"छे गं," सर फळा पुसत म्हणाले. "आपल्यात पेशी मेली ती मेली. सूज असली तर उतरते, तेवढंच. का गं?"

"काही नाही, सहज," म्हणून मी बाहेर पडले आणि जिन्यात मटकन बसले. माशांचा इतका राग मला जन्मात आला नव्हता. मेल्यांना करायचेत काय नवे डोळे?

पुढे डाग बारीक झाला; गेला मात्र नाही. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मी आंधळीच होणार, असं धरून चालले होते.

अशात माझे वडील हळदीच्या पेठेत आले होते, ते होस्टेलच्या फाटकाशी भाकरी-चटणी घेऊन उभे राहिले. फौजेतून परतलेला करडा माणूस. काही कळू द्यायचं नाही असं ठरवून मी त्यांच्या खांद्यापलीकडं बघत उभी राहिले.

"वाळलीस का गं? अन् तिकडं काय बघतीस? माझ्याकडं बघ की."

बघितलं. टोपी राहिली, खालचा चेहरा पुसला गेला.

"बघ म्हणतो न्हवं!"

"तुमच्याकडंच बघतीय, आप्पा," मी म्हणाले अन् मला हुंदका फुटला. "तुमचं तोंड दिसत न्हाई मला."