वेरूळच्या शेतात ग्रीक सुवलाकी आणि दादाचं वेगळं पातेलं

वेरूळ माझं माहेर. नाशिकहून निघायला मला कधीच निमित्त लागत नाही, पण या वेळी निमित्त चांगलं दणदणीत होतं. माझी भाची वर्षा ग्रीसहून आली होती आणि सोबत तिची सासू, एलेनी. वर्षाच्या लग्नाला सात वर्षं झाली, तरी बाई इकडं पहिल्यांदाच येत होत्या. व्याह्यांना स्वतःच्या हातची सुवलाकी खाऊ घालणार, असं त्यांनी तिकडूनच जाहीर केलं होतं. सुवलाकी म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेलं मटण. व्याही म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला सगळं गाव दादा म्हणतं, त्याची लेकसुद्धा. मी मनात म्हटलं, झालं! आता पेटणार.

कारण आमच्या घरची रीत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न खायचं नाही. माझे वडील नाशिकला यायचे ते डबा बांधून. मला वर्षभरात मुलगा झाला आणि डबा सुटला. वर्षाकडून आलेलं चॉकलेट असो की ऑलिव्ह, दादा शेजारी वाटून मोकळा. वहिनी होती तोवर ती लेकीची समजूत घालायची. ती जाऊन आता चार वर्षं झाली.

शनिवारी सकाळची एसटी धरली. येवला, वैजापूर करत गाडी चार-साडेचार तासांत संभाजीनगरला पोचते. बायकांना तिकीट अर्धं. सकाळी डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. दादा शनिवार पाळतो, त्यामुळं त्या दिवशी शेतावर मटणाचं नाव काढायची सोय नव्हती. वर्षा आणि एलेनीबाई परस्पर तिथंच आल्या होत्या. आम्ही तिघी क्रांती चौकाजवळ लॉजवर उतरलो आणि संध्याकाळी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, हाणला. एलेनीबाईंनी रस्सा पुसून खाल्ला, नाकातोंडातून पाणी वाहत होतं, तरी थांबेनात. मला बाई तिथंच आवडल्या.

रविवारी सकाळी दादा जीप घेऊन आला आणि आम्ही छावणीत मटण घ्यायला गेलो. लवकर जा, चांगला माल नऊच्या आत संपतो. सध्या किलोला आठशेच्या आसपास पडतं. एलेनीबाईंनी बोटानं मागची मांडी दाखवली आणि हाड काढायला सांगितलं. दुकानदार कळवळला.

"नल्ली भी निकाल दूँ? फिर खाएँगे क्या, आपा?"

"जो बोलते वो करो," मी म्हटलं. नळ्या मात्र मी वेगळ्या बांधून घेतल्या. सोडते की काय!

दौलताबादच्या वाटेवर पेरू घेतले आणि दहाच्या सुमारास शेतावर पोचलो. एलेनीबाईंनी पदर खोचावा तशा बाह्या सारल्या. मटणावरचा पांढरा पापुद्रा सोलून काढला, बोराएवढे नाही आणि लिंबाएवढेही नाही असे तुकडे मटणाच्या धाग्याला आडवे कापले. कांदा किसून त्याचा रस, लसूण, ऑलिव्हचं तेल, थोडंसं लिंबू आणि त्यांच्या डोंगरावरचा वाळवलेला ओरेगानो. मीठ शेवटी, भाजताना. दादानं पाला हुंगला.

"ओव्याचा भाऊच दिसतोय हा."

मग त्यानं शांतपणे दुसरं पातेलं ओढलं. "माझं मी वेगळं लावतो. शेत माझं, मटण माझं, पण हात सासरचा. हात सासरचा म्हणजे अन्न सासरचं."

वर्षानं ते सासूला सांगितलंच नाही. दादानं आलं-लसूण, हळद, मीठ घातलं आणि मटण मऊ पडावं म्हणून वर कच्ची पपई किसली. एक फोड पुरे झाली असती. यानं अख्खी पपई किसली! म्हटलं, "दादा, बास कर." तर म्हणतो, "बकऱ्याचं मटण हाय, त्याला तेलानं काय हुतंय?"

दुपारी लेणी पाहिली. मंगळवारी बंद असतात, रविवारी गर्दी असते, तेव्हा तुम्ही मधला एखादा वार निवडा. कैलास लेण्यासमोर एलेनीबाई खाली बसल्या त्या उठेचनात. वरून खाली कोरत आणलंय हे वर्षानं सांगितलं, तर त्यांना ते खोटंच वाटलं.

दिवस कलायच्या आत परतलो. दोन ओळी विटा मांडून मध्ये कोळसा, बांबूच्या काड्या पाण्यात भिजवलेल्या. दादाच्या पातेल्यात मटणाचा पार गाळ झाला होता. काडीला कसंबसं चिकटवलं, निखाऱ्यावर धरलं आणि धपाधप सगळं राखेत! मी हसले, अगदी पोट धरून. शेजारी एलेनीबाईंच्या काड्या तडतडत होत्या. मी एक तुकडा तोंडात टाकला. लुसलुशीत, आंबटसर, ना मसाला ना रस्सा, आणि तरीही मटणाची चव पुरी. सोबत घट्ट दह्यातली काकडी, लसूण लावलेली. आपली कोशिंबीरच, फक्त कुटाशिवाय.

एलेनीबाईंनी एक काडी चपातीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दादापुढं धरली.

"नाय खात मी. माझं भाकरी-ठेच्यावर भागतं."

वर्षा उभी राहिली. "दादा, मला मूल होणार नाही. चार वर्षं उपचार केले, आता थांबवले. म्हणजे तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही. मग मी मेल्यावर येणार का?"

दादा उठला, मोटार बघून येतो म्हणाला आणि विहिरीकडं गेला. मोटार बंदच होती. परत आला तो ओसरीत जाऊन कोरडी भाकरी मोडत बसला. एलेनीबाईंची चपाती तशीच गार झाली. मला एवढा राग आला की सोमवारी निघताना मी त्याच्या पाया पडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

नाशिकला येऊन तीन आठवडे झाले. ओरेगानोची पुडी मी आणलीय, तव्यावरही बरं होतं, करून बघा. पण पपई घालू नका, आणि बकऱ्याची मांडीच घ्या. मला मात्र घास घेताना ती पुढं धरलेली चपाती दिसायची आणि दादावरचा राग काही जात नव्हता.

परवा त्याचा फोन आला.

"काय गं, त्या ग्रीसात थंडी कधी सरते? माझे गुडघे लई दुखतात थंडीत."

मी चिडून म्हटलं, "तेव्हा शेतात एक घास खाल्ला असतास तर?"

"ती अर्धी रीत मोडली असती. मोडायची तर तिच्या घरात, तिच्या पाटावर बसून. तू महिना सांग."

"तुझ्या लेकीला विचार की!"

"तिलाच विचारलं आधी. ती नुसती रडायलाच लागली. महिना काय तो सांगितलाच नाय."